घरगुती कारणास्तव

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल.
जून ते ऑगस्ट मी पोरांच्या
वाया गेलेल्या वर्षांची कारणं टाइप करतो.
कारणं ठरलेली: आजारपण, घरगुती अडचण, नीटची तयारी.
एक जण म्हणाला होता, काका, नुसतंच गेलं हो.
त्यालाही घरगुती अडचणच लावून दिली.

मयूरी लोंढे, राहणार ताडीवाला रोड,
कोर्स बीएस्सी नर्सिंग.
फाइल छातीशी धरलेली.
भौतिक, रसायन, जीव, इंग्रजी मिळून एकोणपन्नास टक्के,
पंचेचाळीस लागतात, हे मी न विचारताच सांगितलं.
सीईटीचा कागद. डोमिसाइल. जातवैधता,
जिच्यापायी वडिलांच्या चपला झिजल्या.
प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला,
डॉक्टरची सही म्हणजे नुसती आडवी रेघ.
सगळं होतं.
मधलं एक वर्ष तेवढं नव्हतं.

"काय करत होतीस?"
"घरीच होते."
मी टाइप केलं, घरीच.

मग हळूहळू निघालं.
आत्याला अर्धांग. दर दोन तासांनी कूस बदलायची,
रात्रीसुद्धा, गजर लावून.
नाकातल्या नळीतून पेज, तीही गाळून, कोमट,
आणि नंतर अर्धा तास डोकं उंचावर.
"पाठीला एकही जखम होऊ दिली नाही,"
शेजारणीला कुकरच्या शिट्ट्या सांगाव्यात
तशा आवाजात.

मसुद्यात कारणाला जागा दीड ओळ.
त्याखाली छापील वाक्य:
सदर कालावधीत मी कोठेही
कोणतेही शिक्षण घेतलेले नाही.
माझं बोट बॅकस्पेसवर गेलं.
"राहू द्या काका. शब्द बदलला की अर्ज परत येतो."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दोन.
तिनं न बघता बंद केला.
"जा मग, आत्या वाट बघत असेल."
"आत्या मे महिन्यात गेली.
गजर काढायचा राहिलाय."

नोटरीनं शिक्का मारला, नेहमीसारखा, न वाचता.
वरील मजकूर खरा व बरोबर आहे.
ती सुट्टे मोजून देऊन
फाइल पुन्हा छातीशी धरून गेली.

नंतर भाडेकरार आले, नावातले बदल आले,
एका म्हाताऱ्याचं हयातीचं पत्र.
चार वाजता
मी उगाच मान वर करून रस्त्याकडे पाहिलं.