शिकत आहे

अमळनेरच्या कॉलेजात खिडकी नंबर दोन माझी.
दहाला जाळी वर सरकते
आणि रांगेतला प्रत्येकजण एकच वाक्य मागतो :
सदर विद्यार्थी या महाविद्यालयात शिकत आहे.

बोनाफाइड. पाच रुपये, एक फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स.
वाक्य तेच, पण घरोघरी वेगळं राबतं.
एसटीचा पास स्वस्त करतं,
रेल्वेतल्या बापाच्या पासवर
एकविशी उलटलेल्या पोराला चढू देतं,
बँकेच्या दारात हप्त्याला म्हणतं,
थांब जरा, अजून शिकतोय तो.
योगिनी वळवीला ते वसतिगृहातलं ताट.
सायमा तडवीला
लग्नाची बोलणी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलायचा कागद,
(हे मात्र कुठल्या शासन निर्णयात नाही).

मी फक्त क्रियापद तपासते.
आहे, की होता.
आहे असेल तर निळा शिक्का.
होता असेल तर शेजारची खिडकी, टी.सी.,
आणि सवलती चपला घालून निघतात.

कुंदन बोरसे आठवड्यात दुसऱ्यांदा आला.
शिष्यवृत्तीचा अर्ज परत फिरलेला.
रात्री डाळमिलमध्ये पोत्यांचा हिशेब लिहितो.
मालक सरळ माणूस, पीएफ कापतो,
त्या कापलेल्या पैशानेच चुगली केली.
पोर्टल म्हणतं, अर्जदार नोकरीत आहे.
"मॅडम, मी शिकस बी, नि कमाडस बी.
आते तुम्हीच सांगा, मी कोन शे?"
बाहीच्या घडीत तुरीचा भुसा होता त्याच्या.
अर्जात चौकट एकच.
म्हटलं, सोमवारी ये, साहेबांना विचारते.
साहेबांना किती माहीत असतं, ते मला माहीत आहे.

दुपारी अकाउंट्सचे निकुंभ भाऊसाहेब डोकावले.
फेब्रुवारी महिना, त्यांना वर बघायलाही वेळ नसतो.
"ताई, जुनीच पद्धत ठेवलीय ना तुम्ही?
एलआयसी लागली, पीपीएफ लागलं,
दर्शनाच्या फीची पावती तेवढी राहिली.
नसली तर याच पगारात कर कापावा लागेल."

तीन वर्षं ती पावती मी स्वतः फाइलला टाचली.
पुण्याहून यायची. तिचं नाव, रोल नंबर, रक्कम.
कर वाचायचा तो वाचायचाच,
पण मला वाटायचं, सरकारदरबारी नोंद होतेय :
हिची पोरगी शिकते आहे.

जिन्याखाली जाऊन फोन लावला.
पलीकडे कुणीतरी हिंदीत गिऱ्हाइकाची समजूत घालत होतं.
दर्शना थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, यंदा फी भरलीच नाही आई.
सप्टेंबरपासून कामाला लागलेय.
दहा टक्के कापून अठरा हजार हातात येतात.
दिवाळीत सांगणार होते,
तू चकल्या तळत होतीस.

ओरडायला हवं होतं मी. किंवा रडायला.
बावीस वर्षं खिडकीत बसलेल्या बाईच्या तोंडून निघालं,
"पॅन दिलंस ना त्यांना? नाहीतर दुप्पट कापतात.
जुलैत रिटर्न भर, परत मिळतील."
"दिलंय," म्हणाली,
आणि मग तिलाच रडू आलं.

निकुंभांना सांगितलं, कापा.
त्यांनी का म्हणून विचारलं नाही,
चष्मा पुसला फक्त.

सोमवारी कुंदन रांगेत अकरावा.
त्याचं बोनाफाइड मी आधीच टाइप करून ठेवलं होतं.
सदर विद्यार्थी शिकत आहे.
शिक्का मारला. खरंच आहे ते.
त्याखाली, नमुन्यात जागा नसताना,
पेनने एक ओळ लिहिली :
रात्री कामही करतो.

साहेब यावर सही करणार नाहीत, बहुतेक.
मी कागद आत घेऊन गेले.