पाण्याकडे पाठ

जागेचा भाव पाण्यावरून ठरलेला.
तीन बाजूंना फियोर्ड, चौथीकडे भुर्जांची राई
आणि राईतून वळत येणारा खडीचा रस्ता.
बर्गनहून मी पहिला आराखडा नेला तो सगळा काचेचा:
पश्चिमेला नऊ मीटर अखंड काच,
खांब मागे सरकवलेले, छप्पर अधांतरी.
'घर नव्हे, क्षितिज' असं खाली मीच लिहिलेलं.

तोर्लैवनं चष्मा पुसला,
कागद टेबलावर उलटा फिरवला.
"आता बरोबर," म्हणाला.

एकतीस वर्षं फेरीबोट हाकलेला माणूस.
या काठाहून त्या काठाला बावीस मिनिटं,
मग परत बावीस.
पूल झाला त्या दिवशी त्यानं टोपी खुंटीला लावली
आणि पुढच्या आठवड्यात खुंटीही विकून टाकली.
"पाणी पोटभर बघून झालंय.
रस्ता दाखव मला. कोण येतंय ते दिसू दे."

मी वाद घातला. कुठला वास्तुकार घालणार नाही?
म्हटलं, उजेडाचा विचार करा,
जूनमध्ये रात्री दहालासुद्धा
पाणी छतावर उजेड फेकत राहतं.
"आणि जानेवारीत?"
जानेवारीत काय फेकतं
ते माझ्या टेबलावरून दिसत नव्हतं.

मग घर वळलं.
कातळ न फोडता त्याच्यावर बेतानं टेकवलं;
वादळी भरती कुठवर चढते ते तोर्लैवनं
बुटाच्या टाचेनं रेघ ओढून दाखवलं,
मी तिथून दीड मीटर वर सरकले.
स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल, मोठी खिडकी: सगळं रस्त्याकडे.
पाण्याच्या अंगाला डांबर पाजलेल्या पाइनची
आंधळी भिंत.

अगदीच आंधळी नाही.
बोळात, बूट काढायच्या बाकाशी,
मी एक आडवी फट ठेवली, वीतभर उंचीची.
नकाशात ती झरोक्यासारखी दिसायची.
सुतार अर्लिंगनं हाक मारून विचारलं,
"हे चुकून राहिलंय का?"
मी म्हटलं, नाही. तो पुढे काही बोलला नाही.

गुड्वाइग इतके महिने शब्दकोडी सोडवत बसायची,
एकाही भिंतीवर तिचं मत नव्हतं.
त्या दिवशी येऊन तिनं बाक हातानं मापला.
"दोन विती रुंद करा."
एवढंच. आणि गेली.

मासिकाचा छायाचित्रकार तीन तास घराभोवती फिरला.
पाणी आणि घर एका चौकटीत मावेनात,
चिडून गेला.

मी फेब्रुवारीत गेले. बोळात अंधार, ओल्या लोकरीचा वास.
बाकावर कपाचा गोल डाग,
त्यावर चढलेला दुसरा, तिसरा.
कुणाचे, ते विचारलं नाही.
उभ्यानं तिथून काहीच दिसत नाही.
नाडी सोडायला वाकलं की मात्र
डोळ्यांच्या पातळीवर पाणी, करडं, अगदी जवळ,
आणि लांबवर पुलाचा एक पाय.

आतून तोर्लैव ओरडला,
"रस्त्यावर आज कुणीच नाही!"

मी दुसऱ्या बुटाची नाडी
सावकाश सोडली.