अंगाचा रंग

म्हापशाच्या बाजारात माझं दुकान. पाट्या, नंबरप्लेटी,
जत्रेच्या नाटकांचे पडदे.
अर्नेस्टीन आली ती पिवळा मागायला.
फळीवरचा दुसराच डबा उचलून म्हणाली,
यावर काय लिहिलंय?
अंगाचा रंग, म्हटलं.
कुणाच्या अंगाचा?

मी हसलो. ती नाही हसली.

गोधड्या शिवते ती, आजीच्या, पणजीच्या कपड्यांच्या.
तिकडे अमेरिकेत, तिच्या गावच्या म्युझियमनं
त्या टांगल्या जिन्याखाली,
शेजारी चिठ्ठी: हस्तकला.
हे सांगताना मात्र हसली, दात न दाखवता.

शिवोलीच्या वाटेवर तिला खाप्रोची घुमटी दाखवली.
कुणी पाव ठेवला होता, विडी, घोटभर फेणी.
कोण हा?
देव, म्हटलं. कुणी म्हणतं, जहाजातून आणलेला गुलाम.
हे नाही सांगितलं
की शाळेत माझ्या धाकट्या भावाला, सगुणला,
आम्ही याच नावानं चिडवायचो
आणि तो घरी येऊन पिठाच्या डब्यात तोंड घालायचा.

तिनं पिशवीतून एक निळी चिंधी काढली,
पावाखाली अंथरली.

जाण्याआधी एक गोधडी पंचायतीच्या हॉलात लावली.
लोक आले, चहा पिऊन गेले.
सगुण उभा होता कुलूप लागेपर्यंत
एका तुकड्यापाशी:
काळ्यावर काळा टाका.

काल नाक्यावरच्या भिंतीचं काम आलं,
गोरेपणाच्या क्रीमचं. पैसे बरे.
अर्धा चेहरा झाला आणि डबा संपला.
नवा आणलेला नाही अजून.
मालकाचा फोन वाजतोय.