अधिवास

अडीच मिलिमीटर. काळा; कडेला
चहा सांडल्यासारखा पिवळट.
मिशांची टोकं गदेसारखी, त्यांनीच हवा ओढून
पोटाखाली चांदीचा पत्रा बांधतो आणि बुडतो.
पाठीवर ठिपक्यांच्या दहा ओळी.
आठवी मध्येच तुटते.
तेवढ्यावरून, आणि पोट उघडून जे दिसलं त्यावरून,
हा आजवर कुणी न लिहिलेला.

नर. एकच.
सुई खुपसायला जागा नाही, म्हणून
कागदाच्या त्रिकोणावर डिंकाने चिकटवला.

आता चिठ्ठी: नाशिक, मखमलाबाद,
तारीख, संध्याकाळी पावणेसात.
‘अधिवास’पाशी पेन थांबलं.

तळं नव्हतं, डबकंही नव्हतं.
सुकदेव गांगुर्डेनं द्राक्षांचे क्रेट उतरवून
नवा टेम्पो धुतला होता; धुऊन, पुसून, कोरडा ठाक.
निळ्या टपावर आभाळ उतरलं
आणि त्यात हा. टप्प.
उडाला, पुन्हा तिथेच,
बुडी मारायला पाय झाडत.
“सर, ह्याला काय झालंय?”

मास्तर माणूस मी, खोटं लिहवत नाही.
‘टेम्पोचा टप’ लिहिलं. खोडलं.
‘पाणी’ लिहिलं.
मग कंसात, भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतकं बारीक:
त्याच्या मते.