क्षमता : ऐंशी माणसे

मुहर्रकच्या त्या गल्लीत गाडी शिरत नाही.
खांद्यावर शिडी, बॅगेत खोट्या धुराचा डबा,
पाट्या वाचत वाचत पोचलो :
मोत्यांच्या व्यापाऱ्याचं घर,
हल्ली गाणं, चित्रं, कवितावाचन. गुरुवारी प्रवेश मोफत.
मला मोफत असून उपयोग नाही,
मी आग लागली तर काय होईल ते बघायला आलोय.

दार उघडणाऱ्या मुलीनं नाव सांगितलं, दलाल.
मला हसू आलं. तिनं पकडलं.
म्हटलं, आमच्याकडे दलाल म्हणजे मधला माणूस,
दोन्हीकडून कापणारा.
ती म्हणाली, आमच्याकडे लाड. पहिली मुलगी मी.
मग आम्ही दोघंही जरा वेळ जिन्याकडे बघत राहिलो.

भिंती समुद्रातल्या दगडाच्या, अंगभर भोकं,
तरी एक स्क्रू मारायची परवानगी नाही.
छताला कांदळाच्या काठ्या,
आफ्रिकेतून गलबतानं आलेल्या, सगळ्या एकाच लांबीच्या,
म्हणून खोल्याही एकाच रुंदीच्या :
लाकूड संपलं तिथं भिंत.
मी टेप धरला. नऊ फूट दहा इंच.
फोटो सगळेच काढतात, ती म्हणाली, मोजलं कुणी नव्हतं.

काचेच्या पेटीत पितळी चाळण्या, एकीत एक बसणाऱ्या,
तराजू, लाल फडकं,
आणि चिठ्ठीवर मोत्याच्या मापाचं नाव.
अरबी मी बोट ठेवून वाचतो, आठ वर्षांत तेवढंच जमलं.
च. व.
चव.
तुमच्या मुंबईच्या बाजारातून आलाय, ती म्हणाली.
म्हटलं, आमच्याकडे तो शब्द जिभेवर असतो.
मग मोती कसा लागतो?
वेंगुर्ल्याच्या माणसाला याचं उत्तर यायला हवं.
खारट म्हणणं फार सोपं होतं. म्हटलं नाही.

शेजारी वही उघडी.
उजवीकडे बुडी मारणाऱ्यांची नावं, डावीकडे उचल.
एका नावावर तिनं काचेवरून नख टेकवलं :
मुबारक बिन सनद. एकशे बारा.
माझा पणजोबा.
एकशे बारा काय?
रुपये. तुमचेच चालायचे इथं.
तो गेला तेव्हा एकशे चाळीस झाले होते,
पुढचं पान त्याच्या मुलाच्या नावावर.
ते उघडं ठेवत नाहीत, उजेडानं शाई उडते.

या खोलीत आला असेल तो?
छे. हिशेब बाहेर व्हायचा, गल्लीतल्या बाकावर.
ती वळली तेव्हा कमरेला किल्ल्यांचा जुडगा वाजला,
एकोणीस किल्ल्या, सगळ्या या घराच्या.

अंगणात संध्याकाळची तयारी.
एक म्हातारा माइक तपासायला उभा राहिला,
हॅलो म्हणालाच नाही,
पोटातून एक लांब घुमारा काढला,
इतका खालून, की मला वाटलं तळघरात पंप सुरू झाला.
तळघर नाहीच या घराला.
नकाशा माझ्या हातात होता.

मग मी घंटा वाजवली. नियमच आहे.
कबुतरं उडाली, म्हातारा थांबला,
दलालनं कान झाकले,
आणि सगळे, कुणी न सांगता, मागच्या दाराकडे वळले.

ते दार सागवानी, मलबारचं.
वर हिरवा दिवा : बाहेर.
पायरी पाण्यात होती, ती म्हणाली, होडी इथंच लागायची.
आता भराव, त्यावर पार्किंग.
समुद्र दोन सिग्नल पलीकडे.

फॉर्म भरला.
बाहेर पडायचे मार्ग : दोन.
क्षमता : ऐंशी माणसे.
रात्री इमारतीत कुणी राहते का?
इथं पेन थांबलं. मी तिच्याकडे पाहिलं,
तिनं पेटीकडे.
लिही ना, नाही म्हणून, ती म्हणाली.
लिहिलं.

शिडी बांधायला बाहेर बाकावर टेकलो.
बाक माझ्या फॉर्ममध्ये येत नाही, तरी मोजला :
तीन माणसं.
सरकून बसली तर चार.