ह्यांची फाइल

वर्गात नवी मुलगी आली, आयल्सा मॅकाय.
पोरांनी दुसऱ्याच दिवशी तिची 'आळशी' केली.
ती हसली म्हणे. वाटलं असेल, लाडाचं नाव.
आई तिची आंजर्ल्याला कासवांची अंडी मोजते,
बाप कुठे दूर, तेलाच्या विहिरीवर, भर समुद्रात.
आणि ही दापोलीत, आमच्या मृण्मयीच्या बाकावर.

मृण्मयीने जेवताना सांगितलं
तर ह्यांचा घास हातातच राहिला.
"मॅकाय? म्हणजे स्कॉटलंडची?"

सव्वीस वर्षं सरकारी साखळीने लोकांचे बांध मोजणारा माणूस,
रविवारी गोऱ्यांच्या कबरस्तानात जातो.
माझ्या चुलीतला कोळसा, माझा बटरपेपर.
करवंदीची जाळी काठीने सारून
दगडावर कागद धरून घासत बसतो,
काळ्यातून पांढरी अक्षरं वर येईपर्यंत.
अ‍ॅग्नेस, सात महिने.
कुणी लेफ्टनंट, तापाने.
एक पाद्री, त्याची बायको, त्याची दुसरी बायको.
वीस कागद झाले. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, क्रमांक घालून.
आमच्या लग्नाचे फोटो बिस्किटाच्या डब्यात आहेत.

"आपल्या नावाला शेपटीशी 'कर', त्यांच्या नावाला डोक्याशी 'मॅक'.
आपण गावाचे, ते बापाचे."
हे दर पाहुण्याला ऐकावं लागतं, चहा निवेपर्यंत.

शनिवारी तिला जेवायला बोलावलं.
घावन आणि नारळाचा रस.
पाच खाल्ले. ह्यांनी मोजले, सवयच ती.
मग ताटं उचलायच्या आधीच फाइल उघडली.
"ही बघ अ‍ॅग्नेस. तुमच्याकडची."
आयल्साने वाकून पाहिलं, बोटाला गूळ.
"मी हिला ओळखत नाही."

इंग्रजीच ते, पण ह्यांना तिचे उच्चार कळेनात,
म्हणून मृण्मयी मध्ये, दोन्हीकडचं निम्मं गाळत.
तुमच्या कुळाच्या चौकड्या कुठल्या रंगाच्या? ठाऊक नाही.
तुमचा किल्ला? नाही.
तिला ठाऊक होतं ते एवढंच, की
आजोबांच्या आजोबांच्याही आधी कधीतरी
अख्खं गाव हाकलून किनाऱ्यावर नेलं होतं.
मेंढरांना चरायला जागा हवी होती.
छपरं पेटवली, परत कुणी येऊ नये म्हणून.
"मेंढरं?" मृण्मयीने दोनदा विचारून घेतलं.
हो. मेंढरं.
आणि मग तोंड पुसता पुसता, सहज:
"ह्या कबरी आहेत, तिथे आधी कोण राहायचं?"

सासूबाई सांगायच्या, माळावर आपलं खळं होतं.
पलटण आली, कॅम्प झाला, खळं गेलं.
ह्यांनी कचेरीतलं सगळं जुनं दप्तर उपसून पाहिलंय.
खळं नाही.
मोजणीच मुळी नंतर सुरू झाली.
हे काही बोलले नाहीत. अ‍ॅग्नेसला पिशवीत सरकवलं,
पाणी प्यायले.

पोरी कंटाळून पुढच्या पायरीवर गेल्या,
उरलेला कोळसा घेऊन, कागद अंथरून.
घासलं दोघींनी, अंगातला जोर लावून.
आता जांभ्यावर काय उमटणार?
त्यावर कुणी नाव कोरत नाही, छिन्नी लागली की भुगा.
नुसती भोकं उमटली. मोठी, बारीक, शेकडो.
"घावन!" आयल्सा केवढ्याने ओरडली.
तेवढा एक शब्द तिला चोख यायचा.

मे महिन्यात मायलेकी गेल्या.
कासवांची पिल्लं त्याआधीच गेली होती.
मृण्मयी दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली.

काल कपाट झाडताना फाइल खाली पडली.
एकवीस कागद.
शेवटच्यावर भोकंच भोकं, आणि खाली
ह्यांच्या मोजणीच्या ताठ अक्षरात:
जांभा, उत्तरेकडची पायरी, तीन फूट बाय एक.
नावाच्या जागी रेघ ओढलेली, पुढे कोरं.
कोपऱ्यात एक गुळचट बोट, लहानसं.
दोघींतलं कुणाचं, ते काही मला सांगता येईना.