तिन्ही नावं एकाच इसमाची

कोर्टनाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून माझं टेबल.
पाटी : प्रतिज्ञापत्र, गॅझेट, नावात बदल.
तो आला मार्चमधल्या एका दुपारी,
प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन कागद
आणि तिन्ही कागदांत तो वेगळा.

रेशनकार्डावर सिलवेस्टर.
आधारवर सिल्व्हेस्टर, जोडाक्षर दाटीवाटीनं बसवलेलं.
सातबाऱ्यावर कुणा तलाठ्यानं
कानाला आलं तसं : शिलेस्तर मिस्किटा.
"बाई, हे तिघं एकच आहेत असं लिहा.
घरात शिलू म्हणतात, ते नका घालू."

मी विचारलं, अक्षरं नीट पडावीत म्हणून,
कुतूहल असं नव्हतं :
म्हणजे काय हे नाव?

त्यानं झेरॉक्सवाल्याच्या पंख्याकडे तोंड केलं.
"रानातला," म्हणाला.
"लॅटिनमध्ये सिल्वा म्हणजे रान.
गावकुसाबाहेर झाडांत राहणारा,
शहाणी माणसं ज्याला रानटी म्हणतील, तो.
पुढे त्या नावाचा पोप झाला, संत झाला,
एकतीस डिसेंबर त्याचा सण.
मी त्याच रात्री जन्मलो.
आवयला नाव शोधावंच लागलं नाही,
पाद्रीनं कॅलेंडर पाहिलं नि डोक्यावर पाणी ओतलं."

त्याच रात्री आळीतली पोरं
गवताचा म्हातारा करायची,
जुनी पॅण्ट, फाटका शर्ट,
दारोदार नाणी मागून
बाराच्या ठोक्याला पेटवून द्यायची.
लहानपणी त्याला वाटे, मलाच जाळतायत.

नाव गलबतातून आलं.
वसईला उतरलं, खाडीनं ठाण्याला लागलं.
किल्ला मराठ्यांनी घेतला, गलबतवाले गेले,
नाव मागं राहिलं
भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात.
त्याच्या खापरपणज्याच्याही आधी कुणाला तरी
ते विचारून दिलं की न विचारता,
हे त्याला ठाऊक नव्हतं.
मला टाइप करायचं नव्हतं.

मग त्यानं सातबारा माझ्याकडे फिरवला.
येऊरच्या उताराला तेवीस गुंठे.
पुढे टॉवर, मागे टॉवर, मध्ये पत्र्याची शेड
आणि एक चिंच.
इतर हक्कांच्या रकान्यात निळा शिक्का :
खाजगी वन.
विकता येत नाही, बांधता येत नाही.
"बाई," तो हसला, कवळी जराशी सुटली,
"सरकारनं माझं नाव दोनदा लिहिलंय.
वर चुकीचं, खाली बरोबर."

मी टाइप करत होते.
उपरोक्त तिन्ही नावे एकाच इसमाची असून
सदर कथन खरे आहे.
हे वाक्य मी दिवसातून आठदा लिहिते.
माझी स्वतःची दोन,
एक बाराव्या दिवशी आत्यानं कानात सांगितलेलं,
एक तांदळाच्या ताटात अंगठीनं कोरलेलं.
ती एकाच बाईची आहेत
असं अजून कुणी लिहून मागितलेलं नाही.
तांदूळ त्याच रात्री भातात गेले असतील.

प्रिंट काढली. त्यानं चष्मा पुसून वाचली,
बोट एका ओळीवर थांबलं.
मी चौथ्याच तऱ्हेनं लिहिलं होतं : सिल्वेस्तर.

पुन्हा काढून देते, म्हटलं.
"राहू द्या," म्हणाला, "हेच जरा आवयसारखं वाटतं,"
आणि खाली सही केली
शाळेत गिरवलेल्या वळणदार रोमन अक्षरांत,
वेलीसारखा सुरुवातीचा एस,
जो तिन्ही कागदांवर कुठंच नव्हता.